संदेशवहन आज्ञावली, संगणक-जालातील

जालातील यजमान संगणकांना परस्परांशी माहितीची देवघेव करता यावी म्हणून त्यांत बसविलेला आज्ञासंच. दोन्ही टोकांचे संगणक एकाच संकेतावलीनुसार चालले तरच संदेश पोहोचतो. त्यामुळे ही आज्ञावली बदलणे हा एकट्या संगणकाचा प्रश्न राहत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील आर्पानेट (स्थापना १९६९) हे जाल होय. त्यातील मूळची एनसीपी आज्ञावली संदेशाच्या विश्वसनीय वहनासाठी जालावरच विसंबून असे. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या टीसीपी पद्धतीत हरवलेला भाग पुन्हा पाठविण्याची जबाबदारी टोकांच्या संगणकांवर आली व भिन्न प्रकारची जाले जोडणे शक्य झाले. बदलाचा आराखडा जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. १९८२ च्या संक्रमणकाळात दोन्ही आज्ञावल्या असलेले काही संगणक दुभाष्याचे काम करीत. १ जानेवारी १९८३ रोजी जुनी पद्धत बंद झाली आणि तयारी न केलेले संगणक जालापासून तुटले. घडी बसण्यास काही महिने लागले. पुढे जाल विस्तारल्यावर असा एकदिवशी बदल अशक्य झाला. म्हणूनच आयपीची सहावी आवृत्ती (१९९८) चौथ्या आवृत्तीच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने बसविली जात आहे.