उच्चार एक, अर्थ अनेक

वर्ध्याच्या ज्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले, तेथे खादीला नैसर्गिक रंग देण्याचे काम चालते. कापडाच्या या रंगाला इंग्रजीत ‘डाय’ म्हणतात आणि मरण्यालाही ‘डाय’च म्हणतात, केवळ पहिल्याच्या मध्ये ‘वाय’ आणि दुसऱ्याच्या मध्ये ‘आय’, एवढाच काय तो दप्तरी फरक. ‘राइट’ची मजल तर याहून पुढची: उजवा किंवा बरोबर, लिहिणे, धार्मिक विधी आणि ‘प्लेराइट’मधला कारागीर, असे चौघेजण एकाच उच्चाराच्या आश्रयाला राहतात.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास इंग्लंडात छापखाना काढल्यावर वर्णलेखन हळूहळू स्थिरावले, परंतु उच्चार बदलतच राहिले. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभीचा ‘के’ पूर्वी स्पष्ट उच्चारला जाई, तो पुढे जिभेवरून बरखास्त झाला, पण कागदावर कायम राहिला, आणि म्हणूनच सरदार व रात्र कानाला आज सारखेच.

मराठी याबाबतीत निर्दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. सेवाग्रामच्या चरख्यावरचे ‘सूत’ आणि पुत्रवाचक ‘सुत’ यांतील भेद बोलताना सहज निसटतो. उलट ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, यांचे लेखन एक असूनही ‘ज’चा उच्चार निराळा होतो.

आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी असे शब्द सुटे पाठ न करता वाक्यांतून शिकावेत, आणि वाचकांपैकी कोणाला अशी आणखी जोडी ठाऊक असल्यास ती वाक्यासह अवश्य कळवावी.