बक्षीस मिळाले, कथा हरवली

यवतमाळ जिल्ह्यात काय किंवा अन्यत्र काय, गुप्तधनाच्या कथेत मोहरांचा हंडा सापडतो तो नायकाला. ऐकणाऱ्याच्या वाट्याला फक्त कथा येते. अमेरिकेतील एबीसी वाहिनीने १७ सप्टेंबर २००२ रोजी सुरू केलेल्या ‘पुश, नेव्हाडा’ या रहस्यमालिकेने खरा हंडाच प्रेक्षकांसमोर ठेवला.

अभिनेता बेन अफ्लेक आणि शॉन बेली यांच्या या मालिकेत प्राप्तिकर खात्याचा एक अधिकारी जुगारगृहातील गहाळ रकमेचा माग काढत पुश या गूढ गावात पोहोचतो. भागांमध्ये दडवलेले दुवे जुळवणाऱ्या प्रेक्षकाला १० लाख ४५ हजार डॉलर, म्हणजेच त्या वेळचे सुमारे ५ कोटी रुपये मिळणार होते.

कोड्यांचे शौकीन दुवे शोधण्यात रमले. मात्र निव्वळ करमणूक हवी असलेल्यांना कथानक क्लिष्ट वाटले. त्यातच गुरुवारी ‘सीएसआय’सारख्या लोकप्रिय मालिकेशी सामना होता. प्रेक्षकसंख्या घसरली आणि नियोजित १३ पैकी ७ भागांनंतर मालिका गुंडाळण्यात आली.

बक्षीस मात्र जाहीर झालेले होते. त्यामुळे २८ ऑक्टोबरला फुटबॉल सामन्याच्या प्रक्षेपणात अखेरचा दुवा दाखवण्यात आला. न्यू जर्सीतील २४ वर्षांच्या तरुणाने सर्वांत आधी दूरध्वनी करून रक्कम जिंकली.

पैशांचे वचन वाहिनीला पाळावेच लागले. कथा पूर्ण करण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. बक्षीस एकालाच मिळणार, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. उरलेल्या सर्वांसाठी कथेचा शेवट हेच बक्षीस होते आणि नेमके तेच त्यांना मिळाले नाही.