टॉनिकमध्ये चिमूटभर भस्म : चिमूटभर म्हणजे किती?



चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हिरडा, बेहडा आणि आवळा यांची ओळख शाळेत जाण्याआधीच होते. या फळांचा काढा घरी 'ताकदीचे औषध' म्हणून उकळत असतो, आणि अशा वेळी कोणीतरी सुचवते, "यात चिमूटभर भस्म घाला, म्हणजे गुण लवकर येईल." भस्म आयुर्वेदातलेच, मग भीती कसली? आज आपण या चिमटीचेच मोजमाप करू.

भस्म म्हणजे चुलीतली राख नव्हे. लोखंड, शिसे अशा धातूंवर वनस्पतींच्या रसाचे संस्कार करून ते पुन्हा पुन्हा भट्टीत तापवतात. त्यातून त्या धातूचे ऑक्साइड, सल्फाइड अशी संयुगे बनतात. ती नीट बनली की नाही हे ओळखण्याच्या जुन्या कसोट्या मोठ्या मार्मिक आहेत. बोटांच्या रेषांत शिरेल ते भस्म 'रेखापूर्ण', संथ पाण्यावर तरंगेल ते 'वारितर'. शिशाचे सल्फाइड पाण्यापेक्षा सात पटींहून जड, तरी ते तरंगते कसे? कण इतके बारीक असतात की पाण्याचा पृष्ठताण त्यांना पेलून धरतो. म्हणजे ही कसोटी कणांचा बारीकपणा सांगते. त्यात धातू किती आहे, हे ती सांगत नाही. भट्टीत अणूंची जोडणी बदलते, पण शिशाचा अणू शिशाचाच राहतो.

आता थोडे गणित करू. एक गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. समजा, काढ्यात पडलेले गुंजभर भस्म शिशाच्या सल्फाइडचे आहे. त्याच्या वजनात सुमारे ८७ टक्के शिसे असते, म्हणजे जवळजवळ १०८ मिलिग्रॅम. आपल्याकडे वनौषधींसाठी शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग, म्हणजे किलोला १० मिलिग्रॅम अशी आहे. तेव्हा या एका गुंजेतले शिसे मर्यादेत बसवायला सुमारे ११ किलो चूर्ण लागेल! घरची बरणी केवढी असते?

दुसरी अडचण ढवळण्याची. विटेची बारीक पूड आणि लाकडाचा भुसा पाण्याच्या बाटलीत हलवून ठेवा. जड पूड आधी तळाशी जाते. पातळ काढ्यातही जड भस्म हळूहळू खाली बसते. पहिल्या चमच्यात थोडे, शेवटच्या चमच्यात पुष्कळ. तो शेवटचा चमचा बहुधा घरातल्या लहान मुलाच्या वाट्याला येतो, आणि मुलांच्या शरीरात शिसे मोठ्यांपेक्षा अधिक शोषले जाते. ते मेंदूच्या वाढीला बाधक असते. शिवाय रक्तातला लाल रंगद्रव्याचा भाग तयार होण्यातही ते अडथळा आणते. रक्त वाढावे म्हणून घेतलेले औषधच रक्त कमी करू लागते!

"मग लोहभस्म तरी चालेल ना?" असे तुम्ही विचाराल. आपल्या भागात येथे विशेष सावध राहायला हवे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून मूल फिकट दिसते. ते फिकटपण लोहाच्या कमतरतेमुळेच असेल असे नाही. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, ते यकृतासारख्या अवयवांत साठत जाते. म्हणून आधी रक्ततपासणी, मग औषध.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. आपल्या कायद्यानेही पारा, हिंगूळ, हरताळ, शेंदूर असे पदार्थ विषारी यादीत घातले आहेत. ते असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. घरच्या बरणीवर अशी सूचना कोण लिहिणार?

हिरडा-आवळ्याचा काढा करायचा तर करा, पण त्यात भस्म टाकू नका. नोंदणीकृत वैद्यांनी भस्म दिले, तर ते त्यांनी सांगितलेल्या मात्रेत, वेगळे आणि तितकेच दिवस घ्या. आणि दवाखान्यात गेल्यावर ते घेत असल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

जाता जाता एक प्रयोग. शाळेच्या प्रयोगशाळेत वर्गातल्या दहा जणांनी एकेक चिमूट मीठ संवेदनशील तराजूवर तोलावे आणि आकडे फळ्यावर मांडावेत. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी चिमूट यांत किती पट फरक पडला? तेच मीठ भस्म असते तर, असा विचार करा आणि घरी जाऊन तो फळा आईला सांगा.