कॅमेऱ्याचे चित्र अस्पष्ट का दिसते?

घरे, शाळा व ग्रामपंचायत कार्यालये यांत आता नेटवर्क कॅमेरे बसविले जातात. परंतु ऐन प्रसंगी आलेल्याचा चेहरा वा वाहनाचा क्रमांक ओळखू आला नाही, तर कॅमेरा असून नसल्यासारखाच. नवा कॅमेरा घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे क्रमाने तपासणे हिताचे ठरते.

प्रथम भिंग मऊ, कोरड्या कापडाने पुसावे. चित्र केवळ रात्री पांढुरके दिसत असल्यास भिंगासमोरील कोळिष्टक, धूळ किंवा खिडकीची काच यांवरून कॅमेऱ्याचाच अवरक्त प्रकाश परावर्तित होत असण्याचा संभव असतो.

नंतर मेमरी कार्डावरील चित्रण पाहावे. तेही अस्पष्ट असल्यास कॅमेऱ्यात निवडलेला चित्राचा दर्जा वाढवावा. ते स्पष्ट असून मोबाइलवरील चित्रच अस्पष्ट असल्यास ॲपमधील दर्जा व इंटरनेट जोडणी तपासावी. १९२० × १०८० बिंदूंच्या चित्रास साधारणतः सेकंदाला २ ते ४ मेगाबिट गती लागते. बाहेरगावाहून पाहताना ही गती कॅमेऱ्याच्या ठिकाणच्या अपलोडची असावी लागते.

भिंतींमुळे वायफाय क्षीण होते. ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक दूर पोहोचतात. शक्य तेथे मात्र १०० मीटरपर्यंत चालणारी इथरनेट केबलच वापरावी. एवढे करूनही सुधारणा न झाल्यासच कॅमेरा बदलण्याचा विचार करावा.