नवस फेडताना…

श्रावणी सोमवार होता. सासूबाईंचा उपवास आणि आमच्या ह्यांचाही. दुपारी शाळेतून आले ते छाती चोळतच. "साबुदाण्यानं पित्त झालंय," म्हणाले. मीही तसंच धरून चालले. लिंबू-सोडा दिला, पाठीला बाम चोळला. घामानं बनियन भिजलं, डावा हात जड पडला, तरी "जरा पडतो, बरं वाटंल" हे चालूच. त्या पित्ताच्या नादात आमचे दोन तास गेले. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

शेवटी धाकट्या दिरांनी कुणाचं काही न ऐकता रिक्षा आणली आणि स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठलं. १९७४ साली आमच्या अंबाजोगाईत हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लहानपणापासून त्याच्या दारावरून जाते-येते, पण आपल्या गावात मोठा दवाखाना असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. ईसीजी निघाला, गोळ्या-इंजेक्शनं झाली, जीव हाती लागला. पुढच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेलं. तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. डॉक्टर म्हणाले, "बायपास करावी लागेल. चार बाटल्या रक्ताची सोय करून ठेवा."

मैत्रिणींनो, बी.ए.ला मी मराठी आणि इतिहास घेतला होता. हृदयाचं मला काय कळणार? पण दवाखान्याच्या बाकावर बसून कळत गेलं. छातीचं मधलं हाड कापतात, पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी काढून तुंबलेल्या जागेच्या पुढे जोडतात आणि रक्ताला नवी वाट करून देतात. आपल्याकडे पाटाला दगड आडवा आला की बाजूनं चारी काढतो ना, तसंच.

ह्यांना आत नेलं आणि मी घरी फोन लावला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, गुडघे धरलेले, त्यांना सोबत आणता आलं नव्हतं. पलीकडून म्हणाल्या, "योगेश्वरीला बोलले गं मी. लेकरू उभं राहू दे, तुझ्या दारी त्याला लोटांगण घालायला लावीन." मी "बरं" म्हणाले. त्या वेळी कोणी काहीही म्हणालं असतं, तरी मी "बरं"च म्हणाले असते.

ऑपरेशन चांगलं झालं. नवव्या दिवशी घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. कापलेलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर वजन उचलायचं नाही, हातावर भार देऊन उठायचं नाही, पालथं पडायचं नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तीन चेंडूंचं एक खेळण्यासारखं यंत्र दिलं होतं. श्वास ओढून चेंडू वर न्यायचे, म्हणजे फुप्फुसं मोकळी होतात. वर्गात ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, ते हे एक चेंडू वर जाईना म्हणून लहान मुलासारखे रडले. मी घाबरले. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, या ऑपरेशननंतर सुरुवातीला पुष्कळांचं मन असं हळवं होतं. आठवडे उलटले तरी उदासी हटली नाही, तर मात्र सांगा, अंगावर काढू नका. पुरुषमाणूस रडतंय म्हणून लाजायचं काही नाही, हे त्या दिवशी आम्ही दोघंही शिकलो.

इकडे सासूबाईंना एकच घोर, नवस राहिला. "देवीचं देणं अंगावर ठेवू नये," रोजचं पालुपद. लोटांगण म्हणजे छातीवरच पडायचं! एका रात्री माझा तोल गेला. दिवसभर पथ्याचा स्वयंपाक, भेटायला येणाऱ्यांचा चहा, गोळ्यांच्या वेळा, गहाण ठेवलेल्या पाटल्यांची काळजी… मी फाडकन बोलले, "देवीला तुमचं लेकरू हवंय की त्याची उसवलेली छाती?"

त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवल्याही नाहीत. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज. मग माझं मलाच वाईट वाटलं. मी दवाखान्यात होते, धावपळ करत होते, डॉक्टरांना विचारू शकत होते. घरी एकट्या बसलेल्या आईच्या हातात नवसाशिवाय दुसरं काय होतं? मी जाऊन पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "रक्त कुणाकुणाचं दिलं गं त्याला?"

मला धस्स झालं. सासूबाईंचं सोवळं आमच्या गल्लीत प्रसिद्ध. पण खोटं कशाला बोलू? "प्रत्यक्ष त्यांचंच चढवतात असं नाही," मी सांगितलं, "पण आपल्यासाठी पेढीत चार जणांनी दिलं. पुतण्याचे मित्र." एक रिक्षा चालवणारा, एक गॅरेजमधला, दोन कॉलेजातले. चारही घरं वेगळ्या वेगळ्या समाजातली. एकाशीही आमचं नातं नाही. त्यांनी नावं विचारली, मी सांगितली. त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावला. रोज घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन "सुखी ठेव" म्हणतात. त्या दिवशी नातवंडांनंतर आणखी चार नावं आली. एक नाव त्यांना नीट म्हणता येईना, दोनदा म्हणून पाहिलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून डोळे पुसले.

पुतण्यानं नंतर एक गोष्ट वाचून दाखवली. बायपासची ही पद्धत १९६७ मध्ये अमेरिकेत रुजवणारे डॉ. रेने फावालोरो मूळचे अर्जेंटिनाचे. त्याआधी सुमारे बारा वर्षं ते आपल्या देशातल्या एका खेडेगावात साधे डॉक्टर होते. तिथे रक्तपेढी नव्हती, म्हणून त्यांनी गावातल्याच लोकांचा गट तपासून तयार ठेवला. गरज पडली की निरोप जायचा आणि माणूस हजर. मनात आलं, आपला नवस असा का फेडू नये?

वाट सापडली ती डॉक्टरांच्याच चिठ्ठीत. रोज चालायचं. आधी घरातल्या घरात पाच मिनिटं, मग वाढवत अर्धा तास. आमच्या घरापासून योगेश्वरीचं मंदिर जाऊन-येऊन अर्ध्या तासाचंच. सासूबाई म्हणाल्या, "नवस मी बोलले, फेडीन मी. तू नुस्ता माझ्यासंगं चाल." दुसऱ्या महिन्यापासून रोज सकाळी मायलेक निघायचे. एकाच्या छातीला टाके, दुसरीचे गुडघे धरलेले. कोण कुणाला धरून चाललंय, ते बघणाऱ्याला कळत नसे. मार्गशीर्षात देवीची यात्रा असते. त्या दिवसांत त्यांनी ओटी भरली आणि आम्ही ह्यांच्या शाळेतल्या शिक्षकांना आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून छोटंसं रक्तदान शिबिर ठेवलं.

पहिला नंबर माझा, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगून ठेवलं होतं. बोटाला सुई टोचली आणि तिथली मुलगी म्हणाली, "काकू, तुमचं रक्त नाही घेता येणार. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. तुमचं दहाच्याही खाली आहे."

त्या दिवशी माझ्यासारख्या सात जणी परतल्या. सगळ्या घर सांभाळणाऱ्या, सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या. आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आलंय. गावात मी आरोग्याच्या बैठका घेते, 'पालेभाज्या खा' म्हणून सांगते. जिने चढताना मला धाप लागायची, ती मात्र दगदगीच्या नावावर खपवली. अगदी ह्यांच्या पित्तासारखीच! आणि बायकांच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नसतं. धाप, मळमळ, जबडा-पाठ दुखणं, न जाणारा थकवा एवढंच असू शकतं. घरगुती उपायात वेळ घालवू नका गं. आणि पैशाच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशनंही बसतात, योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी गाठा. आम्ही पाटल्या गहाण टाकून मगच चौकशी केली, तसं करू नका.

शिबिरातून मी हिरमुसून घरी आले. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. रात्री पानं घेताना त्यांनी माझा हात धरून मला पाटावर बसवलं. ताटात बाजरीची गरम भाकरी, मेथीची भाजी, वर लिंबाची फोड. ह्यांचं ताट अजून वाढलेलं नव्हतं.

"आधी तू जेव," म्हणाल्या. "त्याचं झालं. आता तुझी पाळी."

सहा महिने औषधं घेतली. परवा रक्तपेढीत गेले, काटा साडेबाराच्या पुढे गेला आणि माझी पहिली बाटली भरली. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कुणाला देतील गं ते?" मी म्हटलं, "माहीत नाही, आई." त्या जराशा थांबल्या. मग संध्याकाळी दिव्यापाशी सगळी नावं घेऊन झाल्यावर म्हणाल्या, "आणि ज्याला मिळंल, त्यालाबी."