विषाणू आणि धमनीतली गाठ

महाराष्ट्रातले पहिले दोन करोनाबाधित 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले. त्यांना नायडू रुग्णालयात ठेवले होते. तेव्हा सगळे लक्ष फुप्फुसांकडे होते. रक्तवाहिन्यांचे दुखणे पुढे कळले.

धमनीच्या आतले अस्तर निरोगी असले की रक्त गोठू देत नाही. संसर्गाच्या दाहाने ते सोलवटते, त्यावर बिंबिका (प्लेटलेट) चिकटतात, यकृतही रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन जास्त सोडते. शिरेतली गाठ बहुधा लालसर असते, धमनीतली बिंबिकांनी भरलेली, पांढुरकी. ती हृदयात अडकली तर हृदयविकाराचा झटका, मेंदूत अडकली तर पक्षाघात. पायात अडकली की पाऊल अचानक गार पडते, फिकटते, असह्य ठणकते आणि घोट्यापाशी नाडी लागत नाही. अशा वेळी शेकत बसणे घातक. साधारण सहा तासांत रक्त परत वाहू लागले नाही, तर पाय गमावण्याची वेळ येते. शल्यचिकित्सक बारीक फुगा असलेली नळी धमनीत सरकवून गाठ ओढून काढतात. सोबत रक्त गोठू न देणारे हेपारिन देतात.

गाठीचा हा धोका करोनापुरता नाही. कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासात फ्लूच्या निदानानंतर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले.