लहान जनित्राच्या एंजिनाची निगा

३ मे २०१९ रोजी ओडिशातील पुरीजवळ 'फनी' चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे हजारो खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी दवाखान्यातील लसींचे शीतकपाट चालू ठेवण्यास पेट्रोलवर चालणारे, उचलून नेता येण्याजोगे लहान जनित्र, म्हणजेच व्यवहारातील जनरेटर, फार उपयोगी पडते. मात्र ते सुरू झाले पाहिजे. वर्षभर कोपऱ्यात पडून असलेले जनित्र नेमके त्याच दिवशी दोरी ओढओढूनही सुरू होत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. याचे कारण बहुधा एंजिनाची झीज हे नसून त्यात राहिलेले पेट्रोल हे असते.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण होय. त्यातील हलके घटक प्रथम उडून जातात, आणि थंड एंजिन पेट घेण्यास हेच घटक लागतात. उरलेल्या भागाचा प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट साका बनतो. कार्ब्युरेटरातील इंधनाचे छिद्र इतके बारीक असते की, ते बुजण्यास किंचित साकाही पुरतो. शिवाय भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल ओलावा शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि धातू गंजू लागतो.

म्हणून जनित्र दोन-तीन महिने लागणार नसेल, तर टाकी रिकामी करावी व एंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. ते निवाल्यावर कार्ब्युरेटरच्या वाटीखालील स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. नंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरात चमचाभर स्वच्छ वंगणतेल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी व प्लग पुन्हा बसवावा. शेवटी हाताला विरोध जाणवेपर्यंत दोरी ओढून तेथेच थांबावे. या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असल्याने दमट हवेस आत वाट राहत नाही. युक्ती साधी आहे, पण ती ठाऊक असणारे थोडे.

चालत्या एंजिनास खरा आधार तेलाचा. सेकंदास ५० आवर्तनांची वीज देणारे साधे जनित्र बहुधा मिनिटास ३००० फेरे घेते. म्हणजे १०० तासांत १ कोटी ८० लक्ष! अशा पुष्कळ एंजिनांत तेल गाळण्याची सोय नसते. झिजलेल्या धातूचे कण तेलातच फिरत राहतात. म्हणून नव्या एंजिनाचे तेल पहिल्या २० तासांनी व पुढे साधारणतः दर १०० तासांनी बदलावे. निर्मात्याची पुस्तिका याहून वेगळे सांगत असेल, तर तीच प्रमाण मानावी. हवेची गाळणीही त्याच वेळी साफ करावी.

जे जनित्र केव्हाही लागण्याचा संभव आहे, ते रिकामे न करता ताजे पेट्रोल घालून महिन्यातून एकदा अर्धा तास, दिवे वा पंखे जोडून चालवावे. ही चाचणी घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर घ्यावी. एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. खिडकी उघडी ठेवली तरी खोलीत किंवा व्हरांड्यात जनित्र चालवणे सुरक्षित ठरत नाही.